विद्यापीठाचा जाहीर हिशेब

दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र रुळले की विद्यापीठांच्या आवारातले सूचना फलक व्याख्यानांच्या पत्रकांनी भरू लागतात. कुणाच्या तरी नावाचे स्मृतिव्याख्यान, बाहेरगावाहून येणारे वक्ते, विषय, वार, वेळ, सभागृहाचे नाव आणि शेवटी बारीक टायपात ‘सर्वांना प्रवेश खुला’. या शेवटच्या ओळीकडे आयोजकही फारसे पाहत नाहीत आणि वाचणारेही. ती सवयीने छापली जाते. माझ्या मते त्या पत्रकातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. विद्यापीठाचे वर्ग, परीक्षा आणि पदव्या नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. जाहीर व्याख्यान मात्र ज्यांच्या पैशावर विद्यापीठ चालते त्या साऱ्यांसाठी असते. आपण काय शिकलो, काय शोधले, कोणत्या प्रश्नापाशी अडलो, याचा विद्यापीठाने समाजाला उघडपणे द्यायचा हिशेब म्हणजे जाहीर व्याख्यान. महाराष्ट्राच्या इतिहासात या हिशेबाची सुरुवात विद्यापीठाच्या कारभाऱ्यांनी केली नाही. ती विद्यार्थ्यांनी, पदवीधरांनी आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी केली. विद्यापीठाने ती पुढे, बऱ्याच उशिरा, आपलीशी केली. हा क्रम लक्षात घेतला तर आजची व्याख्याने कशासाठी असावीत, हेही स्पष्ट होते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना 18 जुलै 1857 रोजी झाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे ते शिकवणारे विद्यापीठ नव्हते, परीक्षा घेणारे होते. शिकवायचे महाविद्यालयांनी आणि विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवून परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या, अशी वाटणी होती. 1862 मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले बी. ए. झाले, तेव्हा त्यांचे विद्यापीठाशी नाते उत्तरपत्रिका आणि पदवीपत्र एवढेच होते. विद्यापीठाने प्रत्यक्ष अध्यापन करावे, ही तरतूद 1904 च्या कायद्याने ठळक झाली आणि मुंबईत अर्थशास्त्र-समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेमणुकीने उभा राहिला. तोपर्यंत विद्यापीठाच्या आवारात उभ्या राहिलेल्या देखण्या वास्तू कोणत्या होत्या? पदवीदान सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर. ज्ञानाची प्रतिष्ठा दिसावी अशी ती रचना होती, पण ज्ञान लोकांपर्यंत कसे जावे याची व्यवस्था तिच्यात नव्हती. ही पोकळी ज्यांना जाणवली त्यांनी ती व्याख्यानाने भरून काढली.

खरे तर ती भरण्याचे काम विद्यापीठाच्याही आधी सुरू झाले होते. 1848 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या तरुणांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. इंग्रजीत निबंध वाचणे आणि त्यावर वाद करणे एवढेच तिचे काम राहिले असते तर ती एक विद्यार्थी मंडळ म्हणून विस्मरणात गेली असती. पण वर्गात मिळालेले ज्ञान इंग्रजी न येणाऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगितले पाहिजे, हे या मुलांना लवकर उमगले. म्हणून सोसायटीच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या, ज्ञानप्रसारक सभा या नावाने. तिथे शास्त्रीय आणि सामाजिक विषयांवर देशी भाषांत निबंध वाचले जात. मराठीत त्यातूनच 1850 मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले आणि ते 1867 पर्यंत चालले. दादाभाई नौरोजी याच सोसायटीच्या वातावरणात घडले आणि सोसायटीने 1849 मध्ये मुलींच्या शाळाही काढल्या. व्याख्यान आणि शाळा ही दोन कामे एकाच मंडळींनी एकाच वेळी हाती घ्यावीत, यात त्यांची दृष्टी दिसते. आपल्याला मिळाले ते आपल्यापाशीच ठेवायचे नाही, ही ती दृष्टी. सोसायटी निघाली तेव्हा विद्यापीठ स्थापन व्हायला अजून नऊ वर्षे होती.

पुण्यात हीच दृष्टी अधिक टिकाऊ रूपात आली. मे 1875 मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. वक्तृत्वोत्तेजक सभेच्या विद्यमाने ती आजही भरते. दीडशे वर्षांचा हा वारसा महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्याही व्याख्यानमालेला नाही. तिच्या काळनिवडीचा विचार करावा. वैशाखात शाळा-महाविद्यालये बंद असतात, न्यायालयांना सुट्टी असते, शिक्षक-वकील-विद्यार्थी मोकळे असतात आणि संध्याकाळी माणसे बाहेर पडतात. विद्यापीठाचे वेळापत्रक जिथे संपते तिथून हिचे वेळापत्रक सुरू होते. त्याच वर्षी, 1875 च्या पावसाळ्यात, रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वामी दयानंद सरस्वतींना पुण्यात बोलावले. त्यांच्या इथल्या पंधरा व्याख्यानांचे वृत्तान्त पुढे ‘उपदेशमंजरी’ या नावाने ग्रंथरूपात आले. दयानंदांची मते शहरातल्या सनातन्यांना तर मान्य नव्हतीच, बोलावणाऱ्या सुधारकांनाही ती सगळी पटत नव्हती. वेदांच्या अपौरुषेयत्वाबाबत या सुधारकांच्या प्रार्थनासमाजाची भूमिका अगदी वेगळी होती. तरीही व्याख्याने झाली, मिरवणूक निघाली, विरोधकांनी तिची टवाळी करायला दुसरी मिरवणूक काढली आणि त्या दिवशी रानड्यांच्या बाजूने जोतीराव फुले आणि त्यांचे सहकारी उभे राहिले. जे आपल्याला पूर्ण पटत नाही तेही शहराने ऐकले पाहिजे, हा विचार या निमंत्रणामागे होता.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. व्याख्यान हा प्रकार विलायती आहे, इंग्रजी शिकलेल्यांनी तो उचलला. आपल्याकडे लोकशिक्षणाचे काम कीर्तन, प्रवचन आणि पुराण शतकानुशतके करत होते, मग याचे एवढे कौतुक कशाला? आक्षेपाचा पहिला भाग निम्मा खरा आहे. केंब्रिज विद्यापीठाने गावोगावी व्याख्याने देण्याचा उपक्रम 1873 मध्ये रीतसर सुरू केला आणि आपल्या मंडळींच्या वाचनात अशा गोष्टी असणारच. पण केंब्रिजमध्ये विद्यापीठ स्वतः बाहेर पडले. पुण्यात पदवीधर बाहेर पडले आणि विद्यापीठ आपल्या जागी राहिले. कीर्तनाबाबतचे म्हणणे मात्र मला मोलाचे वाटते. तास-दोन तास बसून एक विषय ऐकायचा, पूर्वरंगातला सिद्धान्त उत्तररंगातल्या आख्यानाशी ताडून पाहायचा, ही श्रोत्यांची तयारी कीर्तनाने करून दिली होती. ती नसती तर व्याख्यानाला इतक्या लवकर माणसे मिळाली नसती. तरी दोहोंत एक फरक आहे. कीर्तनकाराचे प्रमाण आधीच मान्य केलेले असते. त्याने सांगितलेला सिद्धान्त खोटा ठरू शकतो, असे गृहीत धरून कुणी बसत नाही. व्याख्यानात वक्त्याचे म्हणणे तपासायचे असते. अध्यक्ष समारोपात त्याला दुरुस्त करू शकतात, श्रोता प्रश्न विचारू शकतो, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात खंडन येऊ शकते. ऐकण्याची सवय परंपरेने दिली आणि तपासण्याची सवय व्याख्यानाने लावली. हिशेबाला दोन्ही लागतात.

विद्यापीठाच्या स्वतःच्या नावावर जमा होणारे सुरुवातीचे मोठे व्याख्यान म्हणजे भांडारकरांची 1877 ची विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले मिशनरी विद्वान जॉन विल्सन यांच्या नावाने ही व्याख्याने ठेवण्यात आली होती. भांडारकरांनी सात व्याख्याने दिली. संस्कृतच्या विकासापासून सुरुवात करून पाली, मग प्राकृत आणि अपभ्रंश, तिथून उत्तर भारतातल्या देशी भाषांचे उच्चार, त्यांत उरलेली जुनी व्याकरणरूपे, नव्याने घडलेली रूपे आणि अखेर या साऱ्यांचे परस्परसंबंध, असा तो प्रवास होता. आपण रोज बोलतो ती मराठी अडाण्यांनी बिघडवलेले संस्कृत नसून नियमांनी बदलत आलेली भाषा आहे, हे त्यांनी उदाहरणांच्या राशी घालून दाखवले. एकत्रित ग्रंथ 1914 मध्ये आला आणि भारतीय आर्य भाषांच्या अभ्यासात त्याचे स्थान पुढेही राहिले. म्हणजे जाहीर व्याख्यान हे संशोधनाचे पातळ केलेले रूप असते, हा समज चुकीचा आहे. इथे व्याख्यान हेच संशोधन होते. पण या उदाहरणात एक उणीवही आहे. व्याख्यानांचा विषय मराठीसह देशी भाषा, आणि व्याख्यानाची भाषा इंग्रजी. ज्यांच्या बोलीचा इतिहास सांगितला जात होता, त्यांतल्या फार थोड्यांना तो कळणार होता. त्या काळी विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतूनही देशी भाषांना जागा उरली नव्हती, त्या एम. ए. ला पुन्हा याव्यात म्हणून रानड्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली. हिशेब चोख होता, पण तो ज्यांना द्यायचा त्यांच्या भाषेत नव्हता.

याच रानड्यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेले व्याख्यान पाहिले की पाहुण्या वक्त्याचे प्रयोजन लख्ख कळते. विषय होता भारतीय अर्थशास्त्र. रानडे तेव्हा प्राध्यापक नव्हते, न्यायखात्यात होते. दख्खनमधल्या शेतकऱ्यांच्या कर्जाचे खटले ज्या कायद्याखाली चालत त्या कायद्याचे काम त्यांच्याकडे होते. म्हणजे कुळ, सावकार, गहाणखत, जप्ती हे त्यांचे रोजचे विषय होते. समोर बसलेले विद्यार्थी इंग्रज अर्थशास्त्रज्ञांची पाठ्यपुस्तके वाचणारे होते. त्या पुस्तकांची गृहीतके अशी की माणूस केवळ स्वतःच्या आर्थिक लाभासाठी वागतो, मजूर आणि भांडवल जिथे मोबदला जास्त तिथे सहज जातात आणि खुली स्पर्धा साऱ्यांचे भले करते. रानड्यांनी सांगितले की ही गृहीतके इंग्लंडलाही पूर्णपणे लागू नाहीत आणि जात, कुटुंब, रूढी, गरिबी यांनी बांधलेल्या हिंदुस्थानात तर अजिबात नाहीत. अर्थशास्त्राचे सिद्धान्त देश-काळ-परिस्थितीला बांधलेले असतात, हे त्यांनी जर्मन आणि अमेरिकन विचारवंतांचे दाखले देऊन मांडले आणि उद्योगधंदे उभारण्यात सरकारने हात द्यावा, हा निष्कर्ष काढला. भारतीय अर्थविचाराचा इतिहास लिहिणारा कोणीही या व्याख्यानापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. वर्गातले पाठ्यपुस्तक जे सांगू शकत नव्हते ते कचेरीतून आलेल्या माणसाने सांगितले. विद्यापीठाने पाहुणा बोलवायचा तो यासाठी. त्याच्याकडे असलेला जगाचा अनुभव अभ्यासक्रमाला तपासून घेतो. हिशेब एकाच बाजूचा राहत नाही. विद्यापीठ समाजाला देते आणि समाजाकडून घेतेही.

याच दशकांतले आणखी एक व्याख्यान महाराष्ट्राबाहेर झाले, पण वक्ता मराठी होती. 1883 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी बोलायला उभ्या राहिल्या. वय पुरते अठराही नव्हते. पती गोपाळराव टपाल खात्याच्या नोकरीमुळे तिथे होते आणि आनंदीबाई वैद्यक शिकायला अमेरिकेला जाणार, या बातमीने गावात काहूर माजले होते. त्यांनी भाषणाची रचनाच लोकांच्या प्रश्नांवर केली. अमेरिकेलाच का? इथे शिकण्याची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जात बहिष्कार घालणार नाही का? परदेशात संकट आले तर काय करशील? कोणत्याही बाईने केले नाही ते तूच का करावेस? एकेक प्रश्न घ्यायचा आणि त्याचे उत्तर द्यायचे. सभागृह महाविद्यालयाचे होते, पण तिथे स्त्रियांच्या शिक्षणाची वाट नव्हती. ती वाट नसलेल्या ठिकाणी उभे राहून एका मुलीने आपल्या निर्णयाचा खुलासा जाहीरपणे केला. पुढे 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. वक्त्याने स्वतःवरचे आक्षेप आपणहून पुढे ठेवावेत आणि त्यांना सामोरे जावे, हा जाहीर व्याख्यानाचा जो उत्तम धर्म, त्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सापडणे कठीण आहे.

आतापर्यंतच्या साऱ्या उदाहरणांवर सर्वांत भारी आक्षेप आहे तो महात्मा फुल्यांचा. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी दाखवून दिले की सरकारी तिजोरीत येणारा पैसा शेतकऱ्याच्या घामाचा आहे आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो आहे. प्राथमिक शाळा, कुळवाडी, महार-मांग यांच्यापर्यंत काही पोहोचत नाही. उच्चवर्णीयांना दिलेले उच्च शिक्षण आपोआप खाली झिरपेल, ही सरकारची आशा त्यांनी फोल ठरवली. तीन वर्षांनी, 1885 मध्ये, रानड्यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण त्यांना आले, तेही त्यांनी नाकारले. शूद्रातिशूद्रांचे मूलभूत हक्क ज्यांना मान्य नाहीत त्यांच्या सभांना येऊन आमचे दुःख कसे दूर होणार, असा त्यांचा रोख होता. ज्यांच्या मिरवणुकीच्या रक्षणाला ते दहा वर्षांपूर्वी उभे राहिले होते, त्यांच्याच सभेला त्यांनी नकार दिला, हे नीट समजून घेतले पाहिजे. बोलण्याचे स्वातंत्र्य त्यांना प्रिय होते. पण ज्या सभेत श्रोत्यांचा एक मोठा वर्ग येऊच शकत नाही ती सभा सार्वजनिक मानायला ते तयार नव्हते. या आक्षेपाला उत्तर नाही, आणि उत्तर शोधण्याची गरजही नाही. तो मान्यच करावा लागतो. जाहीर व्याख्यान हा हिशेब असेल, तर तो कुणाला द्यायचा हा प्रश्न फुल्यांनी विचारला आणि तोवर व्याख्याने देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो स्वतःला विचारलेला नव्हता. फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या सभा आणि पुढचे जलसे हे त्या अपुऱ्या सभागृहाला दिलेले प्रत्यक्ष उत्तर होते. पण यातून व्याख्यान निरुपयोगी ठरत नाही. ते किती रुंद केले पाहिजे, ते ठरते.

ते रुंद करण्याची दुसरी बाजू व्यासपीठावर कुणाला उभे करायचे, ही होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या तीन व्याख्यानांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवली की निमंत्रण देणाऱ्याची कसोटी कळते. 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषण आधी वाचल्यावर त्यातला काही मजकूर बदला, असा आग्रह धरला आणि आंबेडकरांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिल्यावर परिषदच रद्द झाली. भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. न झालेले ते भाषण देशभर वाचले गेले. 29 जानेवारी 1939 रोजी पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वार्षिक समारंभात ते बोलले. 1935 च्या कायद्यातली संघराज्याची योजना त्यांनी कलमागून कलम तपासली. ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रतिनिधी निवडून येणार आणि संस्थानांचे प्रतिनिधी राजे नेमणार, अशा संघराज्यातून स्वातंत्र्य मिळणार नाही, हे त्यांनी मांडले. आणि 18 जानेवारी 1943 रोजी, रानड्यांच्या एकशेएकाव्या जयंतीला, रानड्यांनीच स्थापलेल्या डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून ते पुण्यात रानड्यांवर बोलले. आपली मते श्रोत्यांना आणि कदाचित निमंत्रकांनाही रुचणार नाहीत, याची त्यांना आधीच कल्पना होती आणि छापील भाषणाच्या प्रस्तावनेत त्यांनी तसे लिहिले. तरीही डेक्कन सभेने बोलावले आणि त्यांनी सांगितले ते ऐकले. विभूतिपूजेवर, गांधी आणि जिना यांच्या राजकारणावर त्यांनी केलेली टीका वर्तमानपत्रांना झोंबली, पण ते भाषण आज रानड्यांवरच्या वाङ्मयातले अनिवार्य वाचन आहे. लाहोरच्या निमंत्रकांची सभा रद्द झाली आणि पुण्याच्या निमंत्रकांना एक ग्रंथ मिळाला. न पटणारा पाहुणा बोलावण्यात संस्थेचे नुकसान होत नाही, त्याला गप्प बसवण्यात होते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांनी ही परंपरा अधिकृतपणे आपली मानली. 10 फेब्रुवारी 1949 रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. जळगावपासून कोल्हापूरपर्यंत बारा जिल्ह्यांचा त्याचा पसारा होता आणि गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यात त्याचे कामकाज सुरू झाले. पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर. ज्या आवारात पूर्वी सामान्य माणसाने पाऊल टाकायचे धाडस केले नसते ते आवार विद्येचे झाले, पण नांदगावच्या किंवा संगमनेरच्या माणसाने तिथवर यायचे कसे? याचे उत्तर बहिःशाल शिक्षण मंडळाने दिले. माणसाला विद्यापीठात आणण्याऐवजी व्याख्यान गावात न्यायचे. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाची, याच जयकरांच्या नावाची डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला तालुक्याच्या आणि खेड्यांतल्या महाविद्यालयांत भरत आली. मुंबई विद्यापीठातही बहिःशाल विभाग उभा राहिला. पद्धत साधी असते: विद्यापीठाने वक्त्यांची यादी करायची, स्थानिक महाविद्यालयाने जागा आणि श्रोते जमवायचे, वक्त्याने एस. टी. ने जाऊन एकेक पुष्प गुंफायचे आणि विषय शेतीपासून आरोग्यापर्यंत, संतसाहित्यापासून राज्यघटनेपर्यंत काहीही असू शकतो. 1848 च्या विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर जे नेले, 1875 च्या पदवीधरांनी सुट्टीत जे केले, ते आता विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातले एक खाते झाले. फुल्यांच्या प्रश्नाचे हे पूर्ण उत्तर नव्हे, कारण महाविद्यालयाच्या सभागृहात गावातले सगळे येतातच असे नाही. पण तिजोरीत पैसा घालणाऱ्याच्या दाराशी विद्यापीठाने जायचे, हे तत्त्व तरी त्यात मान्य झाले.

आज विचारले जाते की मोबाइलवर जगातल्या नामवंतांची भाषणे फुकट मिळत असताना संध्याकाळ मोडून सभागृहात कशासाठी जायचे? माहिती मिळवायची असेल तर जाऊ नये, हे प्रामाणिक उत्तर आहे. माहितीसाठी 1892 मध्येही डेक्कन कॉलेजात जायची गरज नव्हती. रानड्यांनी ज्यांचे दाखले दिले ती पुस्तके छापलेली होती. तिथे मिळाले ते वेगळे होते. आपल्याच शहरातला, आपल्याच प्रश्नांत बुडालेला माणूस त्या पुस्तकांकडे कसा पाहतो, हे समोरासमोर कळले आणि त्याला जाब विचारता आला. पडद्यावरच्या वक्त्याला श्रोता माहीत नसतो. आणि श्रोत्यांतले शेतकरी, परिचारिका, निवृत्त शिक्षक, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी एकमेकांचे प्रश्न ऐकत नाहीत. दुसरा आक्षेप विद्यापीठांच्या आतून येतो: प्राध्यापकांना अध्यापन, संशोधन, मूल्यांकनाची कागदपत्रे यांतून वेळ उरत नाही, त्यात लोकांसाठी व्याख्याने कुठून आणायची? अडचण खरी आहे. पण भांडारकरांचे उदाहरण सांगते की व्याख्यान संशोधनाचा वेळ खात नाही. बिगरतज्ज्ञ श्रोत्याला समजेल अशी मांडणी करताना संशोधकालाच आपल्या युक्तिवादातली भोके दिसतात. खरा धोका वेळेच्या टंचाईचा नाही. नॅक या मूल्यांकन संस्थेच्या अहवालात जोडायला छायाचित्र आणि सहीपत्रक हवे म्हणून वर्ग रिकामे करून विद्यार्थी बसवलेली व्याख्याने, हा खरा धोका आहे. त्यांत प्रवेश खुला असतो, पण बाहेरच्या कुणाला ते कळवलेलेच नसते.

शेवटचा आक्षेप शांततेचा. वादग्रस्त पाहुणा बोलावला की निदर्शने होतात, पोलीस बंदोबस्त लागतो, कुलगुरूंवर दबाव येतो. त्यापेक्षा सर्वमान्य विषय, सर्वमान्य वक्ता बरा, असे अनेक प्रशासकांना वाटते. त्यांची काळजी मी क्षुल्लक मानत नाही, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांच्यावरच असते. पण 1875 च्या पुण्यातही मिरवणुकीवर गोंधळ झाला होता, म्हणून दुसऱ्या वर्षीपासून रानड्यांनी केवळ सर्वमान्य वक्ते निवडले नाहीत. गोंधळाला उत्तर आहे: बंदोबस्त, प्रश्नोत्तरांना राखून ठेवलेला वेळ, विरोधी मताच्या वक्त्याला त्याच मालेत दिलेले दुसरे पुष्प. सर्वमान्यतेच्या सवयीला मात्र उत्तर नाही. जी संस्था फक्त सहमतांना बोलावते तिच्या व्याख्यानांतून कुणालाच काही तपासून पाहता येत नाही.

म्हणून येत्या सत्रात लागणाऱ्या प्रत्येक पत्रकाला चार प्रश्न लावून पाहावेत. व्याख्यान ज्यांच्याविषयी आहे त्यांना समजेल अशा भाषेत ते आहे का? कामावरून सुटलेल्या माणसाला येता येईल अशी त्याची वेळ आहे का? वक्त्याला प्रश्न विचारायला निदान अर्धा तास ठेवला आहे का? आणि वर्षभराच्या यादीत निदान एक नाव असे आहे का, जे आयोजकांना पूर्णपणे पटत नाही? चारही उत्तरे ‘हो’ असतील तर त्या विद्यापीठात ज्ञानप्रसारक सभेची, वसंत व्याख्यानमालेची आणि बहिःशाल मंडळांची परंपरा जिवंत आहे, असे म्हणता येईल. त्यासाठी मोठे सभागृह लागत नाही, परदेशी पाहुणा लागत नाही, भरघोस मानधनही लागत नाही. विद्यापीठ लोकांच्या पैशावर उभे आहे आणि लोकांना उत्तर देणे हे त्याच्या कामापैकी एक काम आहे, एवढे मान्य करावे लागते. 1848 साली एल्फिन्स्टनच्या मुलांना हे कळले होते, तेही विद्यापीठाचा पत्ता नसताना. आज महाराष्ट्रात विद्यापीठे अनेक आहेत; त्यांनी त्या मुलांपेक्षा कमी करावे, हे आपण चालवून घेऊ नये.